श्वानसंगोपन आणि आमचे साहित्य

मराठी वाङ्मयात कुत्रा विपुल आहे. कुत्र्याचे पिल्लू क्वचित आहे. आणि म्हातारा कुत्रा तर आमच्या वाचनात जवळजवळ आलाच नाही. हे विधान प्रथमदर्शनी विनोदाचे वाटण्याचा संभव आहे, परंतु ते आम्ही विनोदाने करीत नाही. साहित्याने ज्या गोष्टी पाहिल्या नाहीत त्या गोष्टी साहित्यावर पोसलेल्या कुटुंबांनाही दिसत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. मुलांच्या संगोपनाविषयी आमच्या मासिकांनी पिढ्यान् पिढ्या लिहिले, त्याचे फळ घराघरांत दिसते. कुत्रा मात्र आम्ही घरात आणतो आणि त्याच्याविषयी आमच्यापाशी जे ज्ञान असते ते दोन म्हणी, एक पुराणकथा आणि एक ऐतिहासिक दंतकथा एवढेच. ह्या दारिद्र्याची किंमत आम्ही स्वतः आलापल्लीच्या मुक्कामात मोजली. म्हणून प्रस्तुत लेखात परीक्षण आणि कबुली ह्या दोहोंचे मिश्रण झाल्यास वाचकांनी क्षमा करावी.

आलापल्ली हे गाव अहेरी तालुक्यात, सागवानाच्या अरण्यात वसलेले आहे. चंद्रपुरापासून १९८२ साली वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा हा दक्षिण भाग. सिरोंचा, एटापल्ली, भामरागड ह्या दिशांना जाणारे रस्ते येथून फुटतात. आणि गावाजवळचे जे जुने राखीव वन ‘वनवैभव’ ह्या नावाने ओळखले जाते, ते २०१४ साली महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. येथे कुत्र्याला मराठी माणूस कुत्रा म्हणतो, तेलुगू शेजारी ‘कुक्क’ म्हणतो आणि माडिया माणूस ‘नै’ म्हणतो. तीन भाषांत हाक मारला जाणारा हा प्राणी येथे शोभेचा नव्हे. रात्री बिबट्या अंगणापर्यंत येतो, आणि त्याची पहिली वार्ता कुत्राच देतो. पुष्कळदा त्या वार्तेची किंमतही तोच देतो. अशा गावी लाकूडआगारातील एका मजुराने आम्हांस एक तांबूस पिल्लू आणून दिले, आणि आम्ही मोठ्या कौतुकाने त्याचे नाव ‘वाघ्या’ असे ठेवले. नाव अर्थातच साहित्यातून आले होते.

आता ह्या साहित्याकडे वळू. महाभारताच्या आरंभी एक कुत्र्याचे पिल्लू आहे आणि अखेरीस एक कुत्रा आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ यज्ञमंडपात आलेल्या सरमेच्या पिल्लाला मारतात. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. सरमा जाब विचारते, उत्तर मिळत नाही, आणि निरपराध्याला मारल्याबद्दल अकल्पित भय ओढवेल असा ती शाप देते. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर मागोमाग आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गाच्या रथात चढण्याचे नाकारतो. म्हणजे पिल्लाला अकारण मारू नये आणि साथ केलेल्याला अखेरीस टाकू नये, ही दोन्ही सूत्रे व्यासांनी सांगून ठेवली आहेत. संगोपनशास्त्राची सुरुवात आणि समाप्ती ह्यांहून निराळी नाही. परंतु आमच्या कीर्तनकारांनी आणि कथालेखकांनी पहिली कथा बाजूस सारली आणि दुसरीचा शेवटच तेवढा उचलला: तो कुत्रा कुत्रा नव्हताच, साक्षात् धर्म होता! नामदेवांची आख्यायिका घ्या. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी भाकरी त्याला बाधू नये म्हणून. ही कथा अत्यंत हृद्य आहे; पण तिचाही निष्कर्ष आम्ही असाच काढतो की, तो कुत्रा नव्हता, विठ्ठल होता. दत्तात्रेयांच्या पायांशी बसलेले चार कुत्रे तर चार वेदच ठरले. ह्या अर्थाची थोरवी आम्हांस मान्य आहे. आमचे म्हणणे इतकेच की, कुत्र्याला देव करून टाकल्यावर त्याला जंताचे औषध द्यावयाचे असते हे सुचत नाही.

चाणक्याच्या नावावर असलेल्या नीतिग्रंथात कुत्र्यापासून शिकावयाचे सहा गुण सांगितले आहेत: मिळाले तर पोटभर खाणे, थोडक्यात संतुष्ट असणे, गाढ झोपणे, चटकन जागे होणे, स्वामिभक्ती आणि शौर्य. येथे कुत्रा माणसाचा गुरू झाला आहे. शिष्य झालेला नाही. शिष्य म्हणून त्याचा विचार करणारे ग्रंथ आमच्या परंपरेत अगदी नव्हते असे मात्र नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांमध्ये ‘सारमेयविनोद’ ह्या नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मराठीचे जुने नमुने शोधण्यासाठी आमच्या पंडितांनी हा ग्रंथ चाळला, हे योग्यच झाले. परंतु मृगयेच्या राजवैभवाबरोबर ती विद्याही दरबारातच राहिली. मुधोळच्या घोरपड्यांनी आपल्या शिकारी कुत्र्यांची जोपासना केली, कारवानी कुत्रे भटक्या जमातींनी पिढ्यान् पिढ्या सांभाळले; ते ज्ञान हाताहातांतून गेले, छापखान्यापर्यंत आले नाही.

मग मध्यमवर्गाच्या वाट्यास काय आले? रायगडावरील वाघ्या. राम गणेश गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’ नाटकाने त्याला वाङ्मयात अढळ स्थान दिले, आणि गडावर त्याचे स्मारकही उभे आहे. त्या कथेला समकालीन पुरावा नाही हे इतिहाससंशोधकांचे म्हणणे आहे, आणि २०२५ साली त्या स्मारकावरून पुन्हा वाद उसळला. तो वाद येथे आम्हांस कर्तव्य नाही. वाङ्मयाच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाचे ते असे की, वाघ्या आम्हांस दिसतो तो स्वामीच्या चितेत उडी घेताना. त्यापूर्वी तो कोणाच्या हातचा वाढला, त्याला कोणी काय शिकविले, ह्याविषयी कथा मुकी आहे. निष्ठा ही जणू उपजतच असते, ती कोणी जोपासावी लागत नाही, असा समज त्यातून दृढ होतो. आणि उपजत निष्ठा नसल्याचे दिसले, की दुसऱ्या बाजूने म्हण तयारच असते: कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच! थोडक्यात, चांगला कुत्रा शिकवावा लागत नाही आणि वाईट कुत्रा शिकविता येत नाही. शिक्षणाला जागाच उरत नाही.

आमच्या भाषेची साक्ष काढावी तर तीही हीच. कुत्र्याशी बोलण्याचे आमचे खास शब्द तीन: बोलावण्यासाठी ‘यू यू’, अंगावर घालण्यासाठी ‘छू’ आणि हाकलण्यासाठी ‘हाड’. बैस, थांब, सोड, हळू, हे शब्द मराठीत असूनही कुत्र्याशी बोलताना ते आमच्या ओठांवर येत नाहीत. सुशिक्षित घरांत ‘सिट’ आणि ‘स्टे’ ऐकू येतात. कुत्र्याला भाषेचा अभिमान नसतो, त्याला कोणताही शब्द चालतो. पण ज्या घरात मुलाला मराठीत दामटतात आणि कुत्र्याला इंग्रजीत शिकवितात, त्या घराने श्वानशिक्षण ही परकी वस्तू मानली आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते.

अलीकडच्या लेखकांत पु. ल. देशपांड्यांचा ‘पाळीव प्राणी’ हा लेख सर्वांच्या तोंडी आहे. त्यातील हसू मुख्यतः प्राण्याचे नसून प्राणी पाळणाऱ्यांचे आहे, आणि ते हसू न्याय्य आहे. परंतु ह्या लेखाचा एक अनपेक्षित परिणाम आम्ही पाहिला आहे. पाहुण्याच्या अंगावर धावून जाणारा कुत्रा ही गमतीची गोष्ट आहे, असे त्याच्या वाचकांना वाटू लागले. लेखकाने मालकाचा दोष दाखविला. वाचकाने तो दोष हौसेने पत्करला. हा विनोदी वाङ्मयाचा अपराध नव्हे. विनोदाशेजारी उभे राहावयाला जे गंभीर लेखन हवे होते ते नव्हते, म्हणून तसे झाले.

ते गंभीर लेखन उगवले ते योगायोगाने आलापल्लीच्याच रस्त्यावर. येथून सुमारे ६० किलोमीटरवर, भामरागडच्या अलीकडे, हेमलकसा आहे. १९७३ साली तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, आणि शिकारीत आई गमावलेली रानातली पिल्ले डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे ह्यांच्याकडे येऊ लागली. त्या अनुभवातून विलास मनोहर ह्यांचे ‘नेगल’ आणि पुढे प्रकाश आमट्यांचे ‘रानमित्र’ ही पुस्तके निर्माण झाली. ‘नेगल’ हे बिबट्याच्या पिल्लाचे नाव. ह्या पुस्तकांचा आम्हांस वाटणारा मोठा गुण हा की, त्यांत प्राण्याला उपमेसाठी राबविलेले नाही. प्राणी वाढतो, आजारी पडतो, रुसतो, चुकतो, आणि लेखकाचे लक्ष त्याच्या स्वभावावर खिळलेले असते. त्यातून निघणाऱ्या बोधावर नव्हे. मराठी गद्याने मिळविलेली ही एक नवी दृष्टी होय. तथापि ह्या पुस्तकांचे आमच्या वर्गाने जे वाचन केले त्याविषयी आमची तक्रार आहे. आम्ही बिबट्याबरोबर बसलेल्या माणसाचे चित्र पाहून थक्क झालो आणि पुस्तक मिटले. वन्य प्राणी घरी पाळणे तर १९७२ च्या कायद्याने निषिद्धच आहे. तेव्हा त्या पुस्तकांतून घ्यावयाचे होते ते निराळेच: पिल्लाकडे रोज पाहण्याची शिस्त. ती दारातल्या कुत्र्याला लावावी हे आम्हांस सुचले नाही. आमचाच वाघ्या साखळीला बांधलेला असताना आम्ही ‘नेगल’ वाचीत होतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

इंग्रजीत जिम कॉर्बेट ह्यांनी ‘रॉबिन’ हा जो निबंध लिहिला व १९४४ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात घातला, तो ह्या दृष्टीने आदर्श म्हणावा लागेल. एका वेतातले सर्वांत दुबळे पिल्लू, १५ रुपयांस घेतलेले. प्रथम त्याला घाणीतून काढून आंघोळ घातली येथपासून प्रारंभ. पुढे बंदुकीच्या आवाजाची सवय, रानातील चालीचे शिक्षण, आणि मग तो प्रसंग: बिबट्याने हल्ला केला असता रॉबिन घाबरून पळतो. येथे आमच्या परंपरेतला लेखक एक तर हा प्रसंग गाळील, किंवा कुत्र्याला बेइमान ठरवील. कॉर्बेट तसे काहीच करीत नाहीत. कुत्र्याला लाज वाटली आहे हे ते ओळखतात, आणि ती लाज त्याच्या मनातून जावी ह्याची काळजी घेतात. निबंध लिहिताना रॉबिन १३ वर्षांचा होता. बाल्य, तारुण्य आणि वार्धक्य ह्या तिन्ही अवस्था एका छोट्या निबंधात मावल्या आहेत. असा एक निबंध मराठीत असता तर आमच्या हातून पुढील चुका झाल्या नसत्या.

मुलांच्या बाबतीत आमच्याकडे एक जुना दंडक आहे: पाच वर्षे लाड करावे, दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे लागले की मित्राप्रमाणे वागवावे. आम्ही हाच दंडक नकळत वाघ्याला लावला, फक्त वर्षांचे महिने केले. तो दोन महिन्यांचा होता तेव्हा लाड झाले, आणि बिबट्याच्या भीतीने त्याला रात्रंदिवस मागच्या पडवीत कोंडणेही झाले. वस्तुतः पिल्लाचे डोळे दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडतात आणि तिसऱ्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत त्याच्या मनाची दारेही उघडी असतात. अमेरिकेत बार हार्बर येथील प्रयोगशाळेत स्कॉट व फुलर ह्यांनी अनेक वर्षे निरीक्षणे करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हा काल निश्चित केला आहे. ह्या काळात जी माणसे, जे आवाज, ज्या वस्तू भेटतील त्या पुढे आपल्या वाटतात. १४ आठवडे माणसाच्या संपर्कावाचून वाढविलेली पिल्ले मात्र रानातल्या जनावरांसारखी बिचकत राहिली. लसी पुऱ्या व्हावयाच्या असतील तर पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन हिंडवावे, पण हिंडवावेच. आम्ही वाघ्याला सुरक्षित ठेवले आणि जग दाखविले नाही.

तो चार महिन्यांचा झाल्यावर ताडन सुरू झाले. पडवी ओली केली की सकाळी छडी. तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला तीन-चार तासांहून अधिक काळ धरून ठेवता येत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर त्याला बाहेर नेणे, आणि बाहेर केले की तत्क्षणी शाबासकी देणे, एवढाच त्यावर उपाय. रात्री घडलेल्या गोष्टीची शिक्षा सकाळी केली तर त्याला गोष्ट आठवत नाही, हात तेवढा आठवतो. सरमेच्या पिल्लाला मारणाऱ्या राजपुत्रांहून आम्ही निराळे नव्हतो, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

कुत्र्याचे यौवन सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंतचे. शिकलेले विसरल्यासारखे होते, हाक ऐकू येऊनही तो येत नाही. धीराने व थोडेथोडे, दिवसातून चार-पाच वेळा पाच-पाच मिनिटे शिकविण्याचा हा काल. आम्ही त्या काळात साखळी आखूड केली. वाघ्या एक वर्षाचा असताना दूध घालणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला तो चावला. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली, आणि मुलाला लशीसाठी दूरवर नेले. वाघ्याला रेबीजची लस तीन महिन्यांचा असताना दिलेली होती, तो दहा दिवस निरोगीही राहिला. पण त्या दहा दिवसांत त्या मुलाच्या आजीच्या तोंडाकडे पाहण्याचे आम्हांस धैर्य झाले नाही. हा रोग एकदा प्रकट झाला की जवळजवळ कोणी वाचत नाही.

कुत्र्याला सुधारले ते त्या आजीने. तिने आमच्या पडवीत येऊन एवढेच सांगितले, “साहेब, त्याला बोलावू नका, त्याच्याकडे बघू नका. भात ठेवा आणि पाठ फिरवा. त्याला यायचं तेव्हा येऊ द्या.” तो मुलगा चार महिने रोज लांबून भाताचा गोळा टाकी आणि पाठ करून बसे. अंतर वितीवितीने कमी झाले. आज प्राणिवर्तनाचे अभ्यासक ह्याच पद्धतीला लांबलचक नावे देतात. मात्र ह्यावरून खेड्यातील माणसास सर्व विद्या अवगत आहे असा भोळा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. त्याच वस्तीतील कितीतरी पिल्ले जंत आणि गोचिडांनी दगावत होती, आणि लस कोणालाच टोचलेली नव्हती. एका बाजूस निरीक्षण होते व औषध नव्हते, दुसऱ्या बाजूस औषध होते व निरीक्षण नव्हते. ह्या दोघांची गाठ घालून देणे हे लेखनाचे काम होय.

आणि हे काम केवळ घरापुरते नाही. अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) अकोले भागात बिबट्यांच्या आहाराचा जो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात भक्ष्याच्या एकूण वजनापैकी ३९ टक्के वाटा पाळीव वा मोकाट कुत्र्यांचा निघाला. अंगणात रात्री बांधून ठेवलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला दिलेले आमंत्रणच. कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाने १९९४ साली सेरेंगेटीतील सुमारे एक तृतीयांश सिंह गेले, आणि २०१८ साली गीरच्या सिंहांमध्येही तो रोग आढळला. आलापल्लीच्या रानात कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, अजून आहेत. आमच्या पडवीतील पिल्लाला सहाव्या-आठव्या आठवड्यापासून दिलेली लस त्यांचेही रक्षण करते.

राहिले वार्धक्य. जुना दंडक सोळाव्या वर्षी मैत्रीवर थांबतो. कुत्र्याचे आयुष्य मात्र सोळाच्या आतच संपते. वाघ्या बारा वर्षांचा झाला तेव्हा त्याला दिसेनासे झाले, सांधे धरले, रात्री तो भिंतीकडे तोंड करून उभा राही. एका सज्जन गृहस्थांनी सल्ला दिला की, रानाच्या कडेला सोडून यावे. पुढचे रान पाहून घेते. हा सल्ला क्रूर माणसाचा नव्हता, आणि त्या भागात तो नवीनही नव्हता. त्या रात्री आम्ही त्याचा विचार केला, हे लपविण्यात अर्थ नाही. आमच्यापाशी युधिष्ठिराची कथा होती. पण आंधळ्या, वास येणाऱ्या, अंथरूण ओले करणाऱ्या कुत्र्याबरोबर दिवस कसा काढावा हे त्या कथेत नव्हते. तो कुत्रा अखेरपर्यंत चालत होता.

जे आम्हांस हळूहळू कळले ते येथे लिहून ठेवतो. घरातील सामान हलवू नये, म्हणजे आंधळ्याला वाट सापडते. अन्न मऊ करून थोडेथोडे, अनेकदा द्यावे. जाड व उबदार बिछाना द्यावा. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत, त्या त्याला घातक ठरतात. वर्षातून दोनदा पशुवैद्याला दाखवावे. आणि जवळ जाण्यापूर्वी आवाज द्यावा. दचकलेला म्हातारा कुत्रा चावतो, आणि तो त्याचा दोष नव्हे. वाघ्या ह्यानंतर चौदा महिने जगला. त्याने ज्याला चावले होते तो मुलगा तोवर कॉलेजात जाऊ लागला होता. सुट्टीत आला की तो अजूनही भाताचा गोळा घेऊन येई, फक्त आता हाताने भरवी.

आमची मराठी लेखकांस विनंती एवढीच की, निष्ठेचे पोवाडे पुष्कळ झाले. आता कोणी तरी एका साध्या गावठी कुत्र्याचे चरित्र पहिल्या दातापासून शेवटच्या श्वासापर्यंत लिहावे. त्यात तो देव न निघता कुत्राच निघावा. त्यात मालकाच्या चुका असाव्यात, औषधांचे दिवस असावेत, आणि म्हातारपणाची प्रकरणे बालपणाइतकीच लांब असावीत. असे पुस्तक वाचलेल्या घरात पुढचे पिल्लू येईल तेव्हा त्याला छडीऐवजी वेळ मिळेल. आमच्या घरी ते पुस्तक उशिरा आले असते. इतर घरी अजून वेळेवर पोहोचू शकेल.